एकच माणूस, अनेक मुखवटे

मुलांनो, समजा, तुमच्या वर्गात मॉनिटरची निवड होत आहे. वर्गात ४० मुले आहेत. प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहून डब्यात टाकायची, असे ठरले. सरांनी डबा उघडला, तर आत ४४ चिठ्ठ्या! कोणीतरी जास्तीच्या चिठ्ठ्या टाकल्या, हे उघड आहे. पण कोणी? सगळे लगेच वर्गातल्या खोडकर मुलाचे नाव घेतील. सर मात्र तेवढ्यावरून त्याला शिक्षा करणार नाहीत. ते आधी चिठ्ठ्या पाहतील. कोणत्या चिठ्ठ्यांचे अक्षर सारखे आहे? शाई एकच आहे का? कागद एकाच वहीचा आहे का? मगच ते निर्णय देतील.

जगातील एका मोठ्या ज्ञानकोशात असा तपास नेहमी चालतो. त्याचे नाव विकिपीडिया.

ज्ञानकोश म्हणजे सर्व विषयांची माहिती देणारा ग्रंथ. विकिपीडिया हा कागदावरचा ग्रंथ नाही. तो इंटरनेटवर आहे. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी अमेरिकेत तो सुरू केला. प्रथम तो इंग्रजीत होता. पुढे २००३ साली मराठी आणि २००४ साली उर्दू विकिपीडिया सुरू झाला. मराठीत त्याला 'मुक्त ज्ञानकोश' म्हणतात, तर उर्दूत 'आझाद दायरतुल मआरिफ'. दोन्ही नावांचा अर्थ एकच.

येथे कोणीही लेख लिहू शकतो आणि दुसऱ्याच्या लेखातील चूक सुधारू शकतो. असे काम करणाऱ्यांना संपादक म्हणतात. बहुतेक संपादक पगार न घेता, आवडीने काम करतात. त्यांतील बरेच जण आपले खाते उघडतात. खात्याला खरे नाव देण्याची सक्ती नसते. मिर्झा असदुल्ला खान यांनी 'गालिब' हे तखल्लुस घेतले. वि. वा. शिरवाडकर यांनी 'कुसुमाग्रज' हे टोपणनाव घेतले. त्यात फसवणूक नव्हती. तसेच हेही आहे.

मग फसवणूक केव्हा होते? एकच माणूस पाच-सहा खाती उघडतो आणि ती वेगवेगळी माणसे आहेत, असे भासवतो, तेव्हा. विकिपीडियावर मतभेद झाला, तर संपादक चर्चा करून निर्णय घेतात. अशा वेळी हा माणूस एका नावाने मत मांडतो, दुसऱ्या नावाने 'अगदी बरोबर' म्हणतो आणि तिसऱ्या नावाने विरोध करणाऱ्याशी भांडतो. इंग्रजीत अशा खात्याला 'सॉकपपेट', म्हणजे पायमोज्याची बाहुली, म्हणतात. बाहुल्या अनेक, पण बोलणारा एकच! काही जण तर फार चिवट असतात. एक खाते बंद केले, की ते नव्या नावाने परत येतात. असा त्रास कधी कधी वर्षानुवर्षे चालतो.

२०१५ साली इंग्रजी विकिपीडियावर एक मोठे प्रकरण उघडकीस आले. काही व्यापारी आणि कलावंत यांच्यावरील लेख संपादकांनी नाकारले होते. फसवणारे लोक त्यांना गाठत. 'पैसे द्या, तुमचा लेख आणून देतो,' असे सांगत. लेख आला, की 'तो टिकवायचा असेल, तर दरमहा पैसे द्या,' अशी मागणी होई. या कामासाठी त्यांनी शेकडो खाती उघडली होती. नवे खाते आधी काही किरकोळ दुरुस्त्या करी, थोडे दिवस थांबे आणि मग लेख टाकी. दुसरे खाते येऊन 'लेख तपासला' असा शेरा देई. पाहणाऱ्याला वाटे, किती माणसे काम करत आहेत! संपादकांनी कित्येक आठवडे तपास केला. शेवटी ३८१ खाती बंद करण्यात आली आणि २१० लेख काढून टाकण्यात आले. प्रथम सापडलेल्या खात्याच्या नावावरून हे प्रकरण 'ऑरेंजमूडी' या नावाने ओळखले जाते.

हा तपास कसा करतात? विकिपीडियावरील प्रत्येक लेखाला 'इतिहास' नावाचे पान असते. कोणत्या खात्याने, कधी, कोणता शब्द बदलला, याची तेथे नोंद होते. ज्याला संशय येतो, त्याला या नोंदी पुराव्यादाखल दाखवाव्या लागतात. 'मला तसे वाटते' एवढे म्हणून चालत नाही. दोन्ही खाती शुद्धलेखनाच्या त्याच चुका करतात का? त्याच लेखांत, त्याच वेळी येतात का? हे ताडून पाहतात. गरज पडली, तर कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून लिखाण झाले, हेही तपासतात. हा अधिकार मोजक्याच विश्वासू लोकांना असतो. त्यांनी केव्हा काय तपासले, याचीही नोंद राहते.

पण येथे एक मोठा धोका आहे. घरातील भाऊ आणि बहीण एकाच कॉम्प्युटरवरून लिहीत असतील. शाळेच्या संगणक कक्षातून ३० मुले लिहीत असतील. या सर्वांचा पत्ता एकच दिसेल. मग ती सगळी मिळून एकच व्यक्ती आहे, असे म्हणायचे का? नाही. म्हणून पत्त्याबरोबर लिहिण्याची रीत आणि वागणूकही पाहतात. आरोप झालेल्याला आपली बाजू मांडता येते. खाते बंद झाले, तरी फेरविचारासाठी अर्ज करता येतो. आणि कोणी उघडपणे सांगून दुसरे खाते ठेवले, तर तो गुन्हा नाही.

एवढी काळजी का घ्यायची? लबाड माणूस सुटला, तर हजारो वाचकांना खोटी माहिती मिळते. पण निरपराध माणसाला लबाड ठरवले, तर तो दुखावतो आणि कदाचित पुन्हा कधी लिहीत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे, हा काही न्याय नव्हे.

मुलांनो, उद्या तुम्हीही विकिपीडियावर लिहाल. तुमच्या बाजूने कोणी नसले, तरी एकाच नावाने आपले मत मांडा. आणि दुसऱ्याचा संशय आला, तर बोट दाखवण्यापूर्वी पुरावा शोधा.

शब्दार्थ
मुखवटा – तोंडावर लावायचा खोटा चेहरा
चिवट – सहज हार न मानणारा
निरपराध – ज्याने गुन्हा केला नाही असा
ताडून पाहणे – जुळते की नाही ते तपासणे

स्वाध्याय
१. 'सॉकपपेट' म्हणजे काय?
२. 'इतिहास' या पानाचा तपासात काय उपयोग होतो?
३. केवळ इंटरनेटचा पत्ता जुळल्याने आरोप सिद्ध का होत नाही?
४. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' या म्हणीसारखी उर्दूतील एखादी म्हण शोधा आणि वर्गात सांगा.