कूलरच्या हवेवर भिंगरी! सुटीतल्या दुपारी घरीच करा कागदाची तीन फिरती खेळणी

अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा अनेकदा ४४-४५ अंशांवर जातो. भर दुपारी मुलांना अंगणात सोडता येत नाही. विदर्भातील शाळाही उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. मग दुपार मोबाइलवर जाते. त्याऐवजी जुने कॅलेंडर, वहीचे कागद आणि कात्री घेऊन मुलांसोबत बसा.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी पुण्यातील आयुकाच्या विज्ञान केंद्रात अशी असंख्य खेळणी मुलांकडून करून घेतली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेळणे स्वतः करून, मोडून पाहिले की विज्ञान कळते, हे त्यांच्या कामाचे सार.

१. गिरकी मासा
१२ सेंमी लांब, २ सेंमी रुंद पट्टी घ्या. एका टोकापासून २ सेंमी आत, वरच्या कडेने अर्ध्या रुंदीपर्यंत काप द्या. दुसऱ्या टोकाजवळ तसाच काप खालच्या कडेने द्या. पट्टी वळवून दोन्ही काप एकमेकांत अडकवा. मासा उंच उडवा, गिरक्या घेत खाली येईल.

२. हेलिकॉप्टर
१५ बाय ४ सेंमीची पट्टी वरून मधोमध ७ सेंमी कापा. एक पंख पुढे, दुसरा मागे दुमडा. खालच्या टोकाला यू-पिन लावा. पंखा बंद करून उंचावरून सोडा.

३. भिंगरी
१५ सेंमीचा चौकोन दोन्ही कर्णांवर दुमडून उघडा. चारही कोपऱ्यांतून मध्याकडे कापत जा. मध्यापासून २ सेंमीवर थांबा. एकाआड एक टोक मध्यावर आणून टाचणी टोचा. कागदामागे एक मणी ओवा, म्हणजे भिंगरी काठीला घासणार नाही. काठीसाठी ज्वारीचे वाळके धांडे उत्तम. आतला भुसभुशीत गाभा टाचणी सहज धरतो.

का फिरते?
हेलिकॉप्टर खाली येताना हवा दोन्ही पंखांना वर ढकलते. पंख विरुद्ध बाजूंना कललेले असल्याने एकाला इकडे, दुसऱ्याला तिकडे रेटा बसतो आणि ते गरगर फिरते. भिंगरीच्या वळलेल्या पात्यांत शिरलेली हवाही त्यांना एकाच दिशेने ढकलते.

उत्तर लगेच सांगू नका
पंख उलट दुमडले तर? आखूड केले तर? दोन पिना लावल्या तर? आधी मुलांना अंदाज करू द्या, मग सोडून पाहू द्या. पंख उलटे केले की फिरण्याची दिशा बदलते, हे त्यांना स्वतःलाच दिसेल.

ही काळजी घ्या
टाचणी मोठ्यांनीच टोचावी आणि मागचे टोक वाकवून त्यावर चिकटपट्टी लावावी. मणी लहान भावंडांच्या हाती देऊ नये. भिंगरी कूलरसमोर तीन-चार फूट दूर धरावी. ओल्या लोखंडी कूलरचा शॉक जिवावर बेतू शकतो. त्याला हात लावायचा नाही आणि जाळीत काडी घालायची नाही, हे खेळ सुरू करण्याआधीच मुलांना सांगा.