लोणी भापकरहून पुण्याला: राहायचे कोणत्या बाजूला?

बारामतीच्या जिरायत भागातून नोकरीसाठी पुण्याला जाणाऱ्याची पहिली खोली बऱ्याचदा हडपसरच्या आसपास असते. लोणी भापकरची वाट मोरगाव, जेजुरी, सासवड करत दिवे घाट उतरते आणि हडपसरच्या गाडीतळावर शहराला मिळते. गावाकडचा कोणीतरी तिथे आधीच राहत असतो, खोली तोच बघून देतो. शनिवारी संध्याकाळी गाडीतळावरून एसटी धरली की रात्री घरी पोचता येते. शेती, म्हातारे आई-वडील आणि गावची जत्रा मागे ठेवून आलेल्या माणसाला ही सोय छोटी वाटत नाही. प्रश्न एवढाच की नोकरी त्या बाजूला आहे का.

हडपसरची औद्योगिक वसाहत, मगरपट्टा सिटी, फुरसुंगीचे आयटी पार्क किंवा मुंढव्याचा पूल ओलांडून खराडी, यांपैकी कुठे काम असेल तर हडपसर, मांजरी, भेकराईनगर ही निवड चुकत नाही. पण जिल्ह्यातल्या कारखान्यांचा आणि आयटी कंपन्यांचा मोठा भाग शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे. हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क मुळशी तालुक्यात, चाकणची एमआयडीसी खेड तालुक्यात, तर भोसरी आणि पिंपरी उत्तरेला. हडपसरहून हिंजवडी गाठायची म्हणजे अख्खे शहर आडवे कापायचे. गर्दीच्या वेळी एका बाजूला दीड-दोन तास सहज जातात. आठवड्यातून एकदा गावी जायच्या सोयीसाठी सहा दिवस रोज तीन-चार तास रस्त्यावर घालवणे हा तोट्याचा व्यवहार आहे, आणि तो फार घरांत होतो. रोजचा रस्ता आधी, गावचा रस्ता नंतर, हा क्रम मोडू नये.

पूर्वी हा प्रश्न कंपनीच सोडवत असे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा कामगारांची वसाहतही कारखान्यालगत झाली. पुढे 1972 मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. कामगाराला कारखान्याजवळ आखीव पेठांमध्ये घर मिळावे, हा त्यामागचा हेतू. निगडी-आकुर्डीकडचे रुंद रस्ते आणि मोकळी मैदाने अजूनही त्या विचाराची साक्ष देतात. आज ठेकेदाराकडून लागलेल्या मुलाला असे घर कोणी देत नाही, आणि त्याची कंपनीही वर्षभरात बदलू शकते. म्हणून एका कंपनीच्या गेटाजवळ खोली घेण्यापेक्षा कामांचा पट्टा पाहावा. चाकणसाठी मोशी, भोसरी, चिखली. हिंजवडीसाठी वाकड, थेरगाव, ताथवडे. रांजणगावसाठी शिक्रापूर, कारेगाव, शिरूर. नोकरी बदलली तरी घर बदलावे लागू नये.

कारखान्यात काम असेल तर पाळीचा विचार आधी करावा लागतो. दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते, तेव्हा पीएमपीची बस मिळेलच असे नाही. बऱ्याच कंपन्यांची स्वतःची बस असते. तिचे थांबे कुठे आहेत हे रुजू होण्याआधी विचारून घ्यावे आणि खोली त्या थांब्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर शोधावी. भाडे हजारभर रुपयांनी जास्त पडले, तरी दुचाकीचे पेट्रोल आणि रात्रीचा धोका वाचतो.

मेट्रोमुळे गावच्या ओढीची अडचण थोडी हलकी झाली आहे. पिंपरी-चिंचवडच्या मार्गाचा पहिला टप्पा मार्च 2022 मध्ये सुरू झाला आणि सप्टेंबर 2024 मध्ये तो स्वारगेटपर्यंत पोचला. पिंपरी, कासारवाडी किंवा दापोडीला राहणारा माणूस आता गाडी न बदलता स्वारगेटला उतरतो आणि तिथल्या स्थानकावरून बारामतीकडची एसटी धरतो. उत्तरेकडे नोकरी असलेल्या लोणीकराने या मार्गालगतच्या वस्त्या जरूर पाहाव्यात.

भाड्याखालोखाल, खरे तर भाड्याच्याही आधी, पाहायची गोष्ट म्हणजे पाणी. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पुणे महापालिकेत आली. इमारती भराभर उठल्या, जलवाहिन्या मात्र मागे राहिल्या. वाघोलीसारख्या भागात मोठमोठ्या सोसायट्या टँकरवर चालतात. जिरायत भागातल्या माणसाला टँकर नवा नाही, पण दुष्काळात गावात येणारा टँकर सरकारी असतो. इथला खासगी असतो आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये लागतात. कमी भाड्याचे घर अशा वेळी महाग पडते. शिवाय पाणी असणे आणि ते पिण्याजोगे असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा तपासाचा रोख पिण्याच्या पाण्याकडेच वळला होता. घर पाहताना नळाला पाणी किती वेळ येते, ते पालिकेचे की बोअरचे, एप्रिल-मेमध्ये काय होते, हे मालकाला विचारावेच. पण खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूला आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला आधी विचारावे.

एकट्या मुलाला कॉट बेसिस किंवा चौघांत एक खोली चालून जाते. कुटुंब आणायचे ठरले की शाळा आणि दवाखाना हिशेबात धरावे लागतात. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांवर मुलाला प्रवेश हवा असेल तर शाळेपासूनचे अंतर बघितले जाते, एक किलोमीटरच्या आतल्यांना प्राधान्य मिळते आणि रहिवासाचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तोंडी बोलीवर राहणाऱ्याची इथे अडचण होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तो सहसा 11 महिन्यांचा असतो आणि नोंदणी ऑनलाइन होते. डिपॉझिट किती, ते परत कधी, लाइटबिल स्वतंत्र मीटरवर की सबमीटरवर, हे करारात उतरवून घ्यावे.

शहर सोडूनही एक पर्याय आहे, आणि तो फार लवकर बाजूला सारला जातो. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा वाहन कारखाना आहे, टेक्स्टाइल पार्क आहे. जेजुरीलाही एमआयडीसी आहे. दोन्ही ठिकाणी लोणी भापकरहून दुचाकीने रोज जाऊन-येऊन काम करता येते. पुण्यातला पगार आकड्याने मोठा दिसतो, पण त्यातून भाडे, मेस, पेट्रोल आणि गावच्या फेऱ्या वजा करून पाहिल्याखेरीज तुलना पुरी होत नाही. घरचे दूध, धान्य आणि पेरणीच्या दिवसांतले दोन जास्तीचे हातही त्या हिशेबात धरावेत.

पहिल्या वर्षी मात्र काही विकत घेऊ नये. शहराच्या कडेला एक-दीड गुंठा हप्त्यावर देणारे एजंट नव्या माणसाला बरोबर गाठतात. असे तुकडे बऱ्याचदा बिगरशेती परवानगीविना पाडलेले असतात. मग बांधकामाची मंजुरी आणि बँकेचे कर्ज मिळणे अवघड जाते. फ्लॅट असेल तर प्रकल्पाची महारेराकडची नोंदणी संकेतस्थळावर स्वतः तपासावी. मे 2017 पासून मोठ्या प्रकल्पांना ती बंधनकारक आहे. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा भाड्याने काढला की त्या वस्तीत पाणी कधी जाते, रस्ता कुठे तुंबतो आणि नोकरी टिकणार की नाही, हे पैसे गुंतवण्याआधी कळते.