हरवलेले स्थान आणि चुकलेली दिशा : ड्रोन-चालनातील एक प्रश्न

अनेक पंख्यांचे ड्रोन हवेत एका जागी स्थिर राहते, ते त्यातील निरनिराळ्या साधनांच्या एकवाक्यतेमुळे होय. जायरोस्कोप व त्वरणमापक यानाचा कल सांगतात, वायुभारमापक उंची सांगतो, जीपीएस भूपृष्ठावरील स्थान सांगते आणि होकायंत्र यानाच्या नाकाची दिशा सांगते. ह्यांपैकी शेवटची दोन साधने अत्यंत क्षीण अशा बाह्य संकेतांवर विसंबून असतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असून उंच इमारती त्यांचे संकेत सहज अडवितात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रही अवघे २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असते. काँक्रीटमधील लोखंडी सळया किंवा जवळची मोटार एवढ्यानेही होकायंत्र फसते.

ह्या दोन बिघाडांचे स्वरूप मात्र एक नव्हे. जीपीएस नाहीसे झाले की यान समतल राहते, उंचीही राखते. परंतु वाऱ्याबरोबर वाहू लागते, आणि दांडी सोडल्यावर पूर्वीसारखे आपोआप थांबत नाही. येथे ज्ञानाचा अभाव आहे. होकायंत्र चुकले असता स्थान ठाऊक असते, पण दिशा विपरीत कळते. यान पूर्वेस सरकले म्हणून ते पश्चिमेकडे परतू पाहते. परंतु त्याची ‘पश्चिम’ खरी पश्चिम नसल्याने ते तिरपे जाते, पुन्हा दुरुस्ती करते आणि वाढत जाणारे वेढे घेऊ लागते. चूक ९० अंशांहून अधिक असेल, तर प्रत्येक दुरुस्ती यानास अधिकच दूर लोटते. हे अज्ञान नव्हे, विपरीत ज्ञान होय. आणि ते अधिक घातक असते.

ह्यावरून उपाययोजनेचा क्रम ठरतो. होकायंत्र चुकले असता यानास जीपीएसच्या आधारापासून मुक्त करून केवळ कल राखणाऱ्या ‘ॲटिट्यूड मोड’मध्ये आणणे इष्ट. काही यानांत हा बदल आपोआप होतो, काहींत त्यासाठी कळ असते, काहींत ती नसतेच. म्हणून उड्डाणापूर्वीच ह्याची माहिती करून घेणे अगत्याचे आहे. स्वयंचलित परतीची आज्ञा अशा वेळी देऊ नये. कारण ती ह्याच दोन साधनांवर विसंबते.

ह्यापुढील अडचण यंत्राची नसून चालकाच्या दिग्बोधाची आहे. स्टीफन लेव्हिन्सन ह्यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात दिशानिर्देशाच्या तीन चौकटी विशद केल्या आहेत : वस्तूच्या स्वतःच्या अंगांवर आधारलेली, द्रष्ट्यावर आधारलेली आणि पूर्व-पश्चिमेसारखी निरपेक्ष. ‘घराच्या पुढे’, ‘झाडाच्या डावीकडे’ आणि ‘विहिरीच्या उगवतीला’ ह्या मराठी प्रयोगांत त्या अनुक्रमे आढळतात. दांड्यांची भाषा पहिल्या चौकटीतील आहे. त्यांचे ‘उजवे’ हे यानाचे उजवे असते. यान चालकाकडे तोंड करून असेल, तर ते चालकाचे डावे ठरते. जीपीएस कार्यक्षम असता ह्या गोंधळात दांड्या सोडून विचार करण्यास अवधी मिळतो. ते बंद पडताच तो अवधी संपतो.

म्हणून चालकाने प्रथम दोन्ही चौकटी एकत्र आणाव्यात. दांडी किंचित पुढे ढकलून यान कोणीकडे सरकते हे पाहावे, म्हणजे नाकाची दिशा कळते. मग शेपटी आपल्याकडे येईल असे ते वळवावे. आता यानाचे व चालकाचे डावे-उजवे एकच झाले. ह्यानंतर वाहण्याच्या विरुद्ध दिशेने दांडी हलकेच दाबून वेग मारावा. उंचीवर वारा बहुधा अधिक असल्याने, खाली अडथळे वा माणसे नसतील तेथे, यान सावकाश उतरवावे. मूळ ठिकाणी परतण्याचा हट्ट धरू नये. यान वाचविण्यापेक्षा खालच्या माणसांची सुरक्षितता महत्त्वाची.

सारांश, साधनांनी साथ सोडली तरी यान आज्ञा पाळतच असते. प्रश्न एवढाच की, ती आज्ञा कोणाच्या डाव्या-उजव्याच्या भाषेत दिली जात आहे. ह्या भाषांतराचा सराव मोकळ्या मैदानात, सर्व साधने शाबूत असतानाच व्हावयास हवा.