लॅपटॉपमधून प्रोग्रॅमरला वीज देताना : पालक आणि विद्यार्थ्यांसाठी

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की आमच्याकडे मुलं-मुली एकच प्रश्न घेऊन येतात: "सर, लॅपटॉपला प्रोग्रॅमर लावला, पण चिपमध्ये प्रोग्रॅम जात नाही." बऱ्याच वेळा चूक प्रोग्रॅममध्ये नसते, विजेच्या हिशेबात असते. आणि आपल्यापैकी अनेक घरांत लॅपटॉप एकच असतो. त्याच्यावर मोठ्या बहिणीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज असतो, अब्बांच्या दुकानाचा हिशेबही असतो. म्हणून हा विषय घरातल्या मोठ्यांनीही समजून घ्यावा.

इथे प्रोग्रॅमर म्हणजे माणूस नव्हे. लॅपटॉपवर लिहिलेला प्रोग्रॅम मायक्रोकंट्रोलर चिपमध्ये उतरवणारं हे छोटं यंत्र. यूएसबीएएसपी, पिककिट ही त्याची ओळखीची नावं. ते स्वतः यूएसबीमधूनच वीज घेतं. त्याला वेगळा अ‍ॅडॅप्टर लागत नाही.

यूएसबीवर 5 व्होल्ट मिळतात. यूएसबी 2.0 पोर्टकडून जास्तीत जास्त 500 मिलिअँपिअर आणि यूएसबी 3.0 कडून 900 मिलिअँपिअर घ्यावेत, असा नियम आहे. प्रोग्रॅमर आणि एक चिप यांना एवढं पुरून उरतं. अडचण सुरू होते ती मुलं त्याच तारेवर मोटर, सर्वो आणि दिव्यांची माळ जोडतात तेव्हा. मोटर सुरू होताना क्षणभर खूप करंट ओढते, व्होल्टेज खाली येतं, चिप रीसेट होते आणि प्रोग्रॅम अर्धवट राहतो. काही लॅपटॉप अशा वेळी पोर्ट बंद करून सूचना देतात, पण सगळेच देतील या भरवशावर राहू नये.

पोर्टमध्ये वीज आहे म्हणजे प्रोग्रॅमर ती सगळी पुढे देईल, असंही नाही. पिककिट 3 बोर्डाला जेमतेम 30 मिलिअँपिअर देऊ शकतो. अ‍ॅटमेल-आइस तर बोर्डाला वीज देतच नाही, बोर्डावर किती व्होल्टेज आहे ते फक्त पाहतो. तिथे बोर्डाची स्वतःची वीज लागतेच.

मग करायचं काय? प्रोग्रॅमरला वीज लॅपटॉपची, मोटरला वीज वेगळ्या अ‍ॅडॅप्टरची किंवा बॅटरीची. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. बाकीची काळजी अशी:

1. दोन्हीकडच्या ग्राउंडच्या तारा एकमेकींना जोडा. त्याशिवाय सिग्नल नीट पोहोचत नाही.

2. बोर्डाला स्वतःची वीज असेल तर प्रोग्रॅमरकडून येणारी वीज बंद करा. बऱ्याच यूएसबीएएसपीवर त्यासाठी जंपर असतो. दोन्ही चालू राहिल्या तर करंट उलटा लॅपटॉपकडे जाऊ शकतो.

3. चिप 5 व्होल्टची आहे की 3.3 ची, ते आधी पाहा. ईएसपी32 ही 3.3 व्होल्टची चिप आहे. तिच्या पायांना 5 व्होल्ट देऊ नका.

4. लॅपटॉपच्या चार्जरची पिन बोर्डाला लावून पाहू नका. अनेक चार्जर 19 व्होल्टच्या आसपास देतात, त्यात 5 व्होल्टची चिप जळून जाते.

5. जोडण्याआधी मल्टिमीटरने अ‍ॅडॅप्टरचं व्होल्टेज आणि तारांमध्ये शॉर्ट आहे का, ते तपासा.

6. चिपमध्ये प्रोग्रॅम उतरत असताना मोटरची तार काढून ठेवा. फ्यूज बिट लिहिताना वीज डळमळली तर चिप नंतर प्रोग्रॅमरला जबाबच देत नाही, असंही होऊ शकतं.

शक्य असेल तर स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घ्या. गडबड झाली तर पहिला फटका बहुधा हबला बसतो. पूर्ण खात्री मात्र हबचीही नाही, म्हणून वरचे नियम पाळायचेच.

पालकांना आमची विनंती एवढीच की, भीतीपोटी मुलांना लॅपटॉपपासून दूर ठेवू नका. तार लावण्याआधी त्यांना विचारा, "बेटा, ही वीज कुठून येते आणि कुठे जाते?" मुलाने किंवा मुलीने कागदावर रेघा ओढून हे नीट सांगितलं, की मग खुशाल स्विच दाबू द्या.