खेट्याची थाप

(घरातलं बोलणं : लेखांक पाचवा)

मागच्या लेखात मुलांच्या थापा पाहिल्या. मूल थाप मारतं ते बहुतेक वेळा बोलणी चुकवायला. थोरांचं कारण वेगळं असतं, आणि ते मला जोतिबाच्या खेट्यांत नेमकं दिसलं.

माघातल्या रविवारी कोल्हापूरची माणसं पहाटे पंचगंगेवर अंघोळ करून निघतात आणि कुशिरे, गायमुख करत वाडी रत्नागिरीचा डोंगर पायी चढतात. असे पाच खेटे. जोतिबा म्हणजेच केदारनाथ हिमालयाकडे परत निघाले, तेव्हा अंबाबाईनं कोल्हापुराहून चालत येऊन त्यांची विनवणी केली, अशी कथा सांगतात. म्हणून खेट्यात मोल आहे ते चालण्याला.

आमच्या नात्यातल्या एका आत्तींनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, गुडघे बोलायला लागलेत. रविवारी दुपारी त्या गुलालानं माखून घरी आल्या. सुनेनं विचारलं, तर म्हणाल्या, “चालतच गेल्ते की.” संध्याकाळी प्रसादाचं खोबरं काढताना पिशवीच्या तळाशी एसटीचं तिकीट निघालं. भाडं शून्य. पंचाहत्तरीपुढच्यांना 2022पासून एसटी मोफत आहे, तरी कंडक्टर तिकीट देतोच.

सून दुखावली. थाप एवढीशी, पण ती सापडली की मन मागचं सगळं उकरायला लागतं. गोळी घेतली म्हणतात, ती तरी घेतात का? जेवले म्हणतात, ते खरं का?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बेला डीपॉलो आणि सहकाऱ्यांनी 1996मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांनी आठवडाभर आपलं खोटं वहीत टिपलं. कॉलेजातली मुलं दिवसाला साधारण दोनदा, इतर माणसं एकदा खोटं बोलली होती. जवळच्या माणसांशी खोटं कमी बोललं जातं, आणि त्यातलं बरंचसं समोरच्याला बरं वाटावं म्हणून असतं, असंही या संशोधनात दिसलं.

आत्तींना विचारलं काय होतं? “चालत गेला होता ना?” या ‘ना’मध्ये उत्तर आधीच ठरलेलं होतं. ‘बसनं गेले’ म्हणावं, तर पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं : मग या वयात जायचंच कशाला? पुढचे खेटे बंद होण्याची ही भीती. शिवाय गल्लीत खेटे करणारी बाई म्हणून त्यांची जन्मभराची ओळख. त्या थापेनं कुणाचं काही लुबाडलं नाही, आत्तींनी आपली जागा तेवढी राखली. मला ती थाप समजते.

सगळ्याच थापा अशा सोडून देता येत नाहीत. चक्कर, पडणं, औषध, पैसे यांबाबत खोटं सापडलं, तर विचारायलाच हवं. पण एकट्यात, चहा घेता घेता. पाहुण्यांसमोर पुरावा पुढे टाकून नव्हे. म्हातारं माणूस तसं कोंडीत सापडलं, की पुढच्या वेळी पडलेलंही लपवतं.

या सुनेनं तिकिटाचा विषयच काढला नाही. “आत्ती, पुढच्या रविवारी मी पण येते. एसटीनं जाऊ, देवळाच्या पायऱ्या तेवढ्या चालत उतरू.”

आत्ती खोबऱ्याचे तुकडे करत होत्या. म्हणाल्या, “ये की. तुला मातर अर्धं तिकीट पडतंय बघ.”