पुरात भिजलेली भाजी धुवून विकावी काय?

पाताळगंगेचे पाणी काठच्या शेतांत शिरले की मोहोपाड्याच्या बाजारात भाजीची चणचण होते. अशा वेळी कोणी काकडी, भेंडी निम्म्या दरात देऊ केली, तर आपल्या भाजीवाल्या बंधूंनी आधी एवढे विचारावे : शेतात पावसाचे पाणी साचले होते, की नदीचे शिरले होते?

पावसाचे पाणी साचले तर मुळे कुजतात, माल डागाळतो. नदीचे पाणी मात्र वाटेतली गटारे, संडासांच्या टाक्या, गोठ्यांतले शेण आणि मेलेली जनावरे धुवून आणते. शिवाय आमच्या या नदीकाठी खोपोलीपासून रसायनीपर्यंत कारखाने आहेत. २४ जुलै १९८९ च्या पुरात तर रिलायन्सचा पाताळगंगा येथील कारखानाच पाण्याखाली गेला होता. पूर औद्योगिक वसाहतीतून वाहू लागला की त्यात तेल, रसायने उतरण्याचा धोका असतोच.

‘धुतली की झाले,’ असे पुष्कळजण म्हणतात. ते खरे नाही. जंतू पानांच्या घड्यांत चिकटून राहतात. देठाच्या जखमेतून, चिरेतून आतही जातात. क्लोरीनचे पाणी वरवरच काम करते. शिजवल्याने जंतू मरतात, पण रसायने जात नाहीत. आणि काकडी, कोथिंबीर शिजवतो कोण? जुलाब, टायफॉइड, कावीळ अशी घरात येते. खाण्याचा भाग पुराच्या पाण्याला लागला असेल तर तो माल विक्रीस अपात्र, असे अमेरिकेचे अन्न व औषध खाते सांगते. पाणी पोचले त्या हद्दीलगतचा तीस फुटांचा पट्टाही सोडावा, असा तिकडचा सल्ला आहे.

मांडवावरची शिराळी, पडवळ, दुधी पाण्याच्या वर राहिली व शिंतोडेही उडाले नाहीत, तर ती वेगळी गोष्ट. पण तोडणाऱ्याचे चिखलाचे हात फळाला लागता कामा नयेत.

बुडालेले पीक शेतकऱ्याने घाईने उपटू नये. आधी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. सरकारी मदतीसाठी ३३ टक्के नुकसानीची अट असते. व्यापाऱ्याने आगाऊ रक्कम दिली असेल तर ती त्याच हंगामात वसूल करण्याचा हट्ट धरू नये, असे आम्हांस वाटते. त्या हट्टापायीच भिजलेला माल बाजारात येतो.

पुरात बुडालेल्या बांबूच्या टोपल्या आणि गोणपाट पुन्हा भाजीसाठी वापरू नयेत. प्लास्टिकचे क्रेट साबणाने घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यातून काढून उन्हात वाळवले तर चालतात.