सालीत सुगंध, पेल्यात साय
उन्हाळ्याचे पेले : लेखांक ६

दूध आणि सोडा एकाच पेल्यात ओतायचा म्हटलं की घरातलं कोणीतरी विचारतंच, "फाटणार नाही का?" प्रश्न रास्त आहे. गेल्या रविवारी वाडीतल्या आमच्या स्वयंपाकघरात ते फाटलंच. कोंढाळीकडून आणलेल्या संत्र्यांचा ताजा रस, दोन चमचे साखर, अर्धी वाटी दूध आणि वरून सोडा. आधी सुरेख केशरी फेस आला. मग काचेला आतून बारीक पांढरे कण चिकटायला लागले आणि पाचेक मिनिटांत वर चोथा, खाली पिवळट पाणी. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "काय करून राहिली गं? आंबट घातलं न तू त्याच्यात. फाटनारच ते."

काकूंचं निदान अचूक होतं. मागच्या आठवड्यात पन्ह्याबद्दल लिहिलं, तिथे आंबटपणा हाच पेयाचा प्राण होता. दूध घालून केलेल्या साईच्या सोड्यात मात्र त्याला दाराबाहेर ठेवावं लागतं. मग नागपूरजवळ राहून संत्र्याशिवायच हे पेय करायचं का? नाही. संत्रं घ्यायचं, पण रस बाजूला ठेवायचा. ते कसं, हाच आजचा विषय.

आधी फाटण्याचं समजून घेऊ. दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. गाईच्या दुधातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के तेच. त्याचे अतिसूक्ष्म गोळे एकमेकांपासून अंतर राखून तरंगत असतात, म्हणून दूध एकसंध दिसतं. दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो. सामू जितका खाली, तितका पदार्थ आंबट. तो ४.६ पर्यंत उतरला की या गोळ्यांना दूर ठेवणारा विद्युतभार संपतो आणि ते एकमेकांना बिलगतात. दही लागतं तेही असंच, फक्त विरजण ते काम सावकाश आणि एकसारखं करतं. संत्र्याच्या रसाचा सामू साडेतीन ते चारच्या दरम्यान असतो, लिंबाचा दोन-अडीच. काम क्षणात होतं, म्हणून दह्याची कवडी न जमता चोथा होतो.

सोडाही आंबटच असतो. पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरला की कार्बोनिक आम्ल तयार होतं, जिभेला ती जी चुणचुण लागते त्यात त्याचा वाटा मोठा. पण हे आम्ल दुबळं आहे. दुधातले क्षार आणि प्रथिनं त्याला सहज पचवतात, आणि मिश्रणाचा सामू ४.६ च्या बराच वर राहतो. म्हणून साधा सोडा आणि दूध एकत्र सुखाने नांदतात. पंजाबात, तिकडे लाहोरातही, दूध-सोडा हे उन्हाळ्याचं नेहमीचं पेय आहे. तिथे पुष्कळदा लिंबाच्या चवीचं बाटलीबंद पेय दुधात ओततात. ते चालतं, कारण दोन्ही बर्फासारखी गार असतात, दूध भरपूर असतं आणि पेला हातात आला की लगेच रिकामा होतो. आंबट घातलेलं दूधसुद्धा कडक गारव्यात लवकर गोळा होत नाही. कोमट झालं की होतं.

दुकानातल्या बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत आम्लतेचे आकडे छापलेले असतात. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, आपल्या घरचं लिंबूसत्व. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक आम्ल, ते कोलाच्या पेयांत असतं. साईच्या सोड्यासाठी बाटली घेताना हे दोन आकडे दिसले तर ती परत ठेवा. साधा सोडा घ्या, चव आपली आपण घालू.

आईस्क्रीम सोड्याच्या बाटलीने अनेकांची गफलत होते. मुंबईचं पालनजी १८६५ पासून आणि पुण्याच्या कॅम्पातलं अर्देशीर अँड सन्स १८८४ पासून सोड्याच्या धंद्यात आहेत. इराणी हॉटेलात रासबेरीच्या शेजारी जी आईस्क्रीम सोड्याची बाटली दिसते, तिच्यात दूध नसतं. व्हॅनिलाच्या वासाने आईस्क्रीमची आठवण करून द्यायची, एवढंच. तो सोडा मला आवडतो, पण आपण आज करतोय तो खरोखर दुधाचा.

आता गारव्याबद्दल. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टच्या गोदामांसमोर ट्रक लागतात, तिथे उन्हाळ्यात सोड्याची हातगाडी असते. गोटी सोड्याची बाटली जाड हिरवट काचेची, गळ्याशी चिमटा काढल्यासारखी. आतल्या वायूचाच दाब काचेच्या गोटीला गळ्यातल्या रबरी कडीवर घट्ट धरून ठेवतो. हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ मध्ये ही बाटली पेटंट केली. गाडीवाला अंगठ्याने लाकडी गुटका दाबतो, फट्ट असा आवाज येतो, गोटी खाली पडते. मी त्या दिवशी बराच वेळ उभी राहून पाहिलं. तो प्रत्येक बाटली बर्फाच्या लादीखालूनच उचलत होता. उन्हात ठेवलेल्या क्रेटमधली एकही काढली नाही. विचारलं तर म्हणाला, "गरम बाटली फोडली तर अर्धा सोडा शर्टावर येते."

हे शास्त्राला धरून आहे. बाटली उघडी असताना ० अंशाच्या पाण्यात जितका कार्बन डायऑक्साइड मावतो, त्याच्या निम्म्याहून कमी २५ अंशाला मावतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा ओट्यावर ठेवलेल्या सोड्याची काय गत होत असेल? म्हणून सोडा, दूध, पाक आणि पेलासुद्धा आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये. गरम सोडा बर्फाने गार करायचा प्रयत्न करू नका. बर्फाच्या खरबरीत अंगावर बुडबुडे धरतात आणि पेल्यात ओतताना निम्मा वायू उडून जातो.

आता संत्रं. फळाचा आंबटपणा रसात असतो, पण सुगंध मुख्यतः सालीत. साल उजेडात धरून पाहा, तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. साल मुडपून दाबली की बारीक फवारा उडतो, लहानपणी आपण सगळ्यांनी तो भावंडांच्या डोळ्यांत उडवलेला आहे. हे तेल मुख्यतः लिमोनीनचं. त्यात आम्ल नाही, त्यामुळे दुधाला त्याच्यापासून काही धोका नाही. शिवाय ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतं. म्हणजे साध्या सोड्यात जे तेल वर तरंगलं असतं, ते साईच्या सोड्यात साय धरून ठेवते. मला या पेयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची साल सैल, पातळ आणि आत पांढरा भाग कमी, म्हणून कडवटपणाही कमी. फळाचे बहार दोन. आंबिया बहाराचं फळ पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आगेमागे येतं. मृग बहाराचं फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमाराला. आत्ता बाजारात मृगाचं आहे.

दोन संत्री कोमट पाण्यात हाताने चोळून स्वच्छ धुवा. मेण लावलेली, आरशासारखी चमकणारी फळं यासाठी नकोत. पुसून कोरडी करा. साल सोला, आतला पांढरा भाग सुरीच्या पात्याने खरवडून काढा, सालीचे लहान तुकडे करा. १०० ग्रॅम साखरेत ते टाका आणि बत्त्याने हलक्या हाताने चेचा. साखरेचे कण तेलाच्या पिशव्या फोडतात आणि तेल शोषून घेतात. दोन मिनिटांतच वास घरभर होतो. झाकण ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी साखर ओलसर, फिकट पिवळी झालेली असेल. तिच्यावर पाव वाटी गरम पाणी घाला, ढवळून साखर पूर्ण विरघळवा, गाळा. हा पाक फ्रीजमध्ये आठवडाभर ठेवायला हरकत नाही.

साईसाठी मी विकतचं क्रीम वापरत नाही. अर्धा लिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटवा, सतत हलवत राहा म्हणजे साय धरणार नाही. गार झालं की बारीक गाळणीतून गाळा. सायीची गुठळी राहिली तर तोंडात येते. घाई असेल तर कंडेन्स्ड मिल्क चालतं, पण ते गोड असतं, मग पाक निम्मा करा.

गार पेल्यात आधी दोन मोठे चमचे पाक, मग तीन मोठे चमचे आटीव दूध. हे दोन्ही नीट ढवळून घ्या, कारण सोडा पडल्यावर फार ढवळायचं नाही. बर्फाचे दोनच मोठे खडे टाका. मग पेला तिरका धरून २०० मिलिलिटर सोडा कडेकडेने, न थांबता पण सावकाश ओता. दुधातली प्रथिनं बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात, त्यामुळे साध्या सोड्याचा फेस जिथे लगेच विरतो तिथे हा टिकतो. पेल्याला वर दोन बोटं जागा ठेवा. चमचा एकदाच, खालून वर.

आईस्क्रीम घालायचं असेल तर व्हॅनिलाचा गोळा सगळ्यात शेवटी, वर. नागपुरात दिनशॉज १९३२ पासून दुधाच्या व्यवसायात आहे, पुढे त्यांचं आईस्क्रीम घरोघरी गेलं. इथे व्हॅनिलाचा डबा मिळायची अडचण नाही. आईस्क्रीममध्ये हवा कोंडलेली असते, त्यामुळे सोडा त्याला लागला की फेस उसळतो. म्हणून गोळा लहान हवा.

हीच रीत वेलची, केशर, गुलाब आणि खस यांनाही लागू आहे. कोकम, कैरी, लिंबू आणि चिंच मात्र नको.

दोन गोष्टींची काळजी घ्या. घरी सोड्याचं यंत्र असेल तर त्यात फक्त पाणी भरायचं. दूध किंवा पाक भरून वायू सोडला तर फेस झडपेत शिरतो आणि तोंडातून उसळतो. आणि तयार पेय झाकणाच्या बाटलीत भरून डब्याबरोबर देऊ नका. उन्हात वायूचा दाब वाढतो आणि दूधही नासतं. हे पेय केलं की लगेच प्यायचं. एका पेल्यात साधारण २५ ग्रॅम साखर पाकातूनच जाते, म्हणून मुलांना दिवसाला एकच, आणि मधुमेह असलेल्यांनी टाळलेलं बरं.

त्या रविवारी फाटलेलं दूध काकूंच्या सांगण्यावरून मी फडक्यात बांधलं, संध्याकाळी त्यात साखर घालून परतलं. संत्र्याच्या वासाचा कलाकंद झाला. दुसऱ्या दिवशी सालीच्या पाकाचा सोडा केला आणि पहिला पेला काकूंच्या हातात दिला. अर्धा तास गप्पांत गेला, तळाशी उरलेला घोट गरम झाला, तरी कण धरला नाही.

मृगाची संत्री आता थोडेच दिवस. रस पिऊन झाला की साल कचऱ्यात टाकू नका, त्याच दिवशी साखरेत चेचून ठेवा. पुढच्या आठवड्यात बेलाचं सरबत.